झाकली मूठ कोणाच्या कामाची?

‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण आपल्या कानावर लहानपणापासून पडते. घरची ओढाताण, परीक्षेतले गुण, लग्नातला खर्च, सारे मुठीत झाकावे आणि चारचौघांत सव्वा लाखाचा रुबाब करावा, हा तिचा उपदेश. संसारात ती कितपत उपयोगी पडते हे वडीलधाऱ्यांनी ठरवावे. पण २०२५ साली जानेवारी ते जून असे सहा महिने सुरतेत सॉफ्टवेअरच्या कामाचे प्रशिक्षण घेतल्यापासून माझे एक मत पक्के झाले आहे. कामाच्या जागी ही म्हण घातक आहे. हे मत मी पुस्तकातून उचललेले नाही. माझ्याच हातून झालेल्या एका चुकीतून ते आले आहे, आणि म्हणूनच हा लेखनप्रपंच.

आपल्या अंकाचे वाचक सर्व शाखांचे, तेव्हा आधी दोन-तीन शब्दांची ओळख करून देते. प्रोग्रामर जे लिहितो ते लगेच ग्राहकाच्या हाती देता येत नाही. अनेक फायली एकत्र करायच्या, संगणकाला समजेल असे रूप द्यायचे, त्यांची जुळणी करायची, या साऱ्याला ‘बिल्ड’ म्हणतात. हे काम हाताने करत बसू नये म्हणून साधने आहेत. त्यातले ‘मेक’ हे थोरले. स्टुअर्ट फेल्डमन यांनी ते १९७६ साली बेल प्रयोगशाळेत तयार केले. पुढे जावासाठी मेवन, ग्रेडल अशी साधने आली. बिल्ड चालू असतानाच हे साधन ‘टेस्ट’ही चालवते. टेस्ट म्हणजे प्रोग्रामला विचारलेला छोटासा प्रश्न: शंभर रुपयांवर पाच टक्के कर किती? उत्तर पाच आले तर पास, नाहीतर नापास. आणि हे सारे चालू असताना साधन ओळीमागून ओळ जे सांगत जाते, तो ‘लॉग’. थोडक्यात, लॉग म्हणजे बिल्डची रोजकीर्द.

प्रश्न इतकाच आहे, की टेस्ट नापास झाली तर त्या रोजकीर्दीत काय लिहिले जावे? केवळ ‘नापास’, की काय विचारले, काय अपेक्षित होते आणि काय हाती आले हेसुद्धा? ऐकायला किती क्षुल्लक! पण याच क्षुल्लक गोष्टीपायी सुरतेच्या कापडबाजारात माझ्यामुळे दोन दिवस फोन खणखणले.

सुरतेत माझी आत्या राहते. तिचे यजमान मूळचे खानदेशचे. आमच्या सीमाभागात आत्याच्या यजमानांना मामाच म्हणतात, म्हणून मीही त्यांना मामाच म्हणते. लिंबायत, उधना, डिंडोली या भागांत फिरताना आपण गुजरातेत आहोत हे दुकानांच्या पाट्यांवरूनच काय ते कळते. जळगाव, धुळे, नंदुरबारकडची माणसे भुसावळ-सुरत रेल्वेने येत राहिली आणि इथलीच होऊन गेली. सुरत महापालिकेच्या मराठी माध्यमाच्याही शाळा आहेत. मामा रिंग रोडवरच्या एका कापड मार्केटात मेहताजी आहेत. बिले संगणकावर होऊ लागली तरी लाल कापडी बांधणीचा रोजमेळ ते अजून हाताने लिहितात. त्यांचा एक नियम आहे. रोजमेळात खाडाखोड करायची नाही. चूक झालीच तर चुकीच्या आकड्यावर एक आडवी रेघ मारायची, अशी की खालचा आकडा वाचता आला पाहिजे, आणि शेजारी खरा आकडा लिहायचा. ‘चूक लपली की ती वाढते,’ असे ते म्हणत. तेव्हा मला हा जुन्या माणसाचा हट्ट वाटे.

मामांच्या ओळखीनेच मला प्रशिक्षणाची जागा मिळाली. ऑफिस लहान होते. कापडाच्या व्यापाऱ्यांसाठी बिले, चलने, ताग्यांचा हिशेब आणि जीएसटीची विवरणे तयार करणारे सॉफ्टवेअर तिथे लिहिले जाई. माणसे चांगली, शिकवणारी, आणि चहा पाजण्यात कधी हात आखडता न घेणारी. पुढे जे सांगते आहे त्यात त्यांना दूषण देण्याचा हेतू नाही. जे झाले ते कुठेही होते, आणि त्यात मोठा वाटा माझाच होता.

रोज रात्री एक वाजता आमचा बिल्ड आपोआप चाले. आमच्या ऑफिसात ग्रेडल वापरत. बिल्डसाठी दर वेळी भाड्याचे एक नवे यंत्र कुठेतरी दूरच्या केंद्रात उभे राही, काम उरकी आणि पुसले जाई. फेब्रुवारीत एक टेस्ट रोज रात्री नापास होऊ लागली. सकाळी दहा वाजता कोणीतरी येऊन तोच बिल्ड पुन्हा चालवी, की सारे पास! माझ्या संगणकावर चालवली तरी पास. लॉग उघडून पाहिला तर त्यात टेस्टचे नाव होते, ‘असर्शन फेल्ड’ अशा अर्थाचा एक शब्द होता आणि बेचाळिसाव्या ओळीचा उल्लेख होता. काय अपेक्षित होते आणि काय आले, याचा पत्ता नाही. खाली मात्र नम्रपणे लिहिलेले: काही टेस्ट नापास झाल्या आहेत, अहवाल अमुक फायलीत पाहावा. आता ती फाईल कुठे? तर त्या रात्रीच्या यंत्रावर. आणि ते यंत्र तर रात्रीच पुसले गेलेले! एखाद्याने पत्ता द्यावा आणि तिथे जावे तर घर पाडून मोकळे मैदान झालेले असावे, तसा प्रकार.

ग्रेडलची ही खोड नव्हे, त्याची मुळातली मांडणीच अशी आहे. काही सांगितले नाही तर ते नापास टेस्टचे नाव, चुकीचा प्रकार आणि ओळ एवढेच थोडक्यात छापते. चुकीचा पूर्ण मजकूर आणि टेस्टने चालता चालता छापलेले शब्द लॉगमध्ये येत नाहीत. ते वेगळ्या अहवालात जातात. तो अहवाल वाचायला सुबक असतो, रंगीत असतो. पण ज्याच्या टेबलावरच यंत्र आहे त्याच्यासाठी. रात्री परगावी चालणाऱ्या बिल्डला त्याचा काय उपयोग?

ऑफिसातले वरिष्ठ म्हणाले, ‘ही टेस्टच लहरी आहे.’ लिहिणारा नोकरी सोडून गेला होता, तेव्हा विचारायचे कोणाला? रोज सकाळी लाल दिवा बघून सगळे कंटाळले होते. शेवटी एकजण म्हणाला, ‘चालशे! टेस्ट नापास झाली तरी बिल्ड थांबू नये, अशी ओळ घालून टाक.’ ग्रेडलमध्ये तशी सोय आहे, ‘इग्नोरफेल्युअर्स’ नावाची. ती ओळ मी घातली. माझ्या हाताने घातली. दुसऱ्या दिवशी हिरवा दिवा लागला आणि मला शाबासकी मिळाली. प्रशिक्षणातले माझे ते पहिले ‘यश’. मी आत्याला घरी जाऊन सांगितलेसुद्धा! पुढे महिनाभर ती टेस्ट रोज रात्री नापास होत राहिली. फरक इतकाच, की आता तिचे ओरडणे कोणाला ऐकू येत नव्हते.

३१ मार्चच्या रात्री मार्केटात वर्षअखेरीची धावपळ होती. मामांच्या पेढीवर शिल्लक मालाची मोजदाद चालली होती. रात्री साडेबाराच्या सुमारास त्यांनी दोन बिले केली, म्हणजे नव्या आर्थिक वर्षाची पहिली बिले. सकाळी मामा नेहमीप्रमाणे रोजमेळ लिहायला बसले. पाहतात तो दोन्ही बिलांवर तारीख ३१ मार्चची आणि क्रमांक जुन्या वर्षाच्या मालिकेतला! जीएसटीच्या नियमाप्रमाणे बिलाचे क्रमांक त्या त्या आर्थिक वर्षात ओळीने आणि वेगळे असावे लागतात. वर्षाच्या उंबरठ्यावरच बिल मागच्या खोलीत पडले, की विवरणात घोळ. माल अजून ट्रान्सपोर्टच्या गोदामातच होता म्हणून निभावले. बिले रद्द करून नवी केली. पण त्या रात्री बिले करणारी पेढी काही मामांची एकटीच नव्हती. आमच्या ऑफिसचा फोन दोन दिवस थांबला नाही.

संध्याकाळी मामांनी ती दोन बिले माझ्यापुढे ठेवली. ‘पोरी, ही तारीख कोणी घातली?’ त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि त्याचेच मला जास्त वाटले.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन मी आधी ती ‘इग्नोर’ची ओळ काढली. मग बिल्डच्या फायलीत ‘टेस्टलॉगिंग’ नावाचा विभाग असतो, त्यात दोन गोष्टी लिहिल्या. एक, नापास झालेल्या आणि वगळलेल्या टेस्टची नावे लॉगमध्ये छापावीत. दोन, ‘एक्सेप्शनफॉरमॅट’ हा ‘फुल’ असावा, म्हणजे चुकीचा मजकूर पूर्ण यावा. सगळे मिळून चार ओळी. रात्री बिल्ड चालला. सकाळी लॉग उघडला तर त्यात स्वच्छ लिहिले होते: अपेक्षित तारीख ३ एप्रिल, आलेली तारीख २ एप्रिल.

वरिष्ठांनी ती ओळ वाचली आणि दोन मिनिटांत कपाळावर हात मारला. ‘साडेपाच तास!’ यंत्राचे घड्याळ जागतिक वेळेवर होते आणि आपली वेळ तिच्यापुढे साडेपाच तास. प्रोग्राम तारीख यंत्राला विचारत होता, आणि टेस्ट मात्र भारतीय वेळेने तपासत होती. म्हणून रात्री बारा ते पहाटे साडेपाच या वेळात प्रोग्राम ‘काल’मध्ये राही आणि टेस्ट ‘आज’मध्ये. सकाळी दहाला दोघांची तारीख एक, म्हणून टेस्ट पास. माझ्या संगणकाचे घड्याळच भारतीय, म्हणून तिथे केव्हाही पास. बिले करणारे खरे यंत्रही जागतिक वेळेवरच होते, म्हणून मामांच्या बिलावर कालची तारीख. ती टेस्ट लहरी नव्हती. आमच्यापैकी सर्वांत शहाणी तीच होती. तिने महिनाभर आधीपासून, अगदी रोज, नेमकी हीच चूक सांगितली होती. आम्ही तिचे तोंड दाबले होते.

चूक दुरुस्त करायला अर्धा तास लागला. पण माझ्या मनातून तो एक महिना जात नाही. लॉगमध्ये ती एक ओळ फेब्रुवारीतच दिसली असती, तर ‘इग्नोर’ करायला कोणी सांगितले नसते आणि सांगितले असते तरी माझा हात धजला नसता. माणूस चुकीकडे दुर्लक्ष करतो ते बहुधा दुष्टपणाने नाही. चूक कशाची आहे हे समोर दिसत नाही, म्हणून करतो. म्हणून माझे म्हणणे असे, की टेस्टचा निकाल लॉगमध्ये पूर्ण दिसणे ही काही सजावट किंवा सोय नव्हे. तो टेस्टचाच अर्धा भाग आहे. परीक्षा घ्यायची आणि उत्तरपत्रिका जाळून फक्त ‘नापास’ एवढे कळवायचे, याला कोणी परीक्षा म्हणेल काय?

आता तुम्ही म्हणाल, सगळेच छापले तर लॉग मारुतीच्या शेपटासारखा वाढेल, आणि तो वाचणार कोण? शंका रास्त आहे. चुकीच्या पश्चात्तापात मीही आधी तेच केले होते. टेस्ट जे जे बोलतील ते ते सारे छापायची सोय ग्रेडलमध्ये आहे. ती चालू केली आणि पास झालेल्या शेकडो टेस्टची बडबड हजारो ओळी भरून आली. त्यात खरी चूक शोधणे म्हणजे गवताच्या गंजीत सुई शोधणे. झाकण्याचा हाही एक प्रकारच. म्हणून नियम असा हवा: जी पास झाली तिने गप्प बसावे, फक्त शेवटी संख्या सांगावी. जी नापास झाली तिने सविस्तर बोलावे. आणि जी वगळली गेली तिचे नाव तरी यावे. पायथॉनच्या जगातले ‘पायटेस्ट’ हे साधन काही न सांगताच जवळजवळ असे वागते. टेस्टने छापलेले शब्द ते आधी स्वतःकडे धरून ठेवते आणि टेस्ट नापास झाली तरच पुढे मांडते. ही रीत मला फार आवडते. शेवटची संख्याही महत्त्वाची आहे. ग्रेडल काही बदललेले नसेल तर टेस्ट पुन्हा चालवतच नाही, ‘अप-टु-डेट’ म्हणून पुढे जाते. त्यात गैर काही नाही. पण आज किती टेस्ट खरोखर चालल्या हे न पाहता हिरव्या दिव्यावर विश्वास ठेवणारा फसतो.

दुसरी शंका अशी, की वेगळा अहवाल आहेच की, तो जपून ठेवा म्हणजे झाले. जरूर ठेवा! बिल्डची यंत्रे पुसली जाण्याआधी अहवाल बाहेर काढून ठेवण्याची सोय बहुतेक ठिकाणी असते, आणि बिल्ड नापास झाला तरीही ती पायरी चालेल अशी काळजी घ्यावी. पुष्कळदा ती पायरी फक्त यशस्वी बिल्डनंतरच चालते, म्हणजे गरज नसते तेव्हा अहवाल मिळतो आणि गरज असते तेव्हा नाही. पण अहवाल ही खतावणी आहे. खतावणी कितीही नेटकी असली तरी मूळ नोंद रोजकीर्दीतच हवी, कारण गडबडीच्या सकाळी माणूस पहिल्यांदा तीच उघडतो. दुसरे दार उघडायला लावले, की दहांतले आठजण पहिल्या दारातूनच परत फिरतात. मी स्वतः त्या आठांतली.

तिसरी शंका सर्वांत गंभीर आहे. लॉग पुष्कळांच्या नजरेखालून जातो. त्यात गुपिते छापली गेली तर? ही भीती खरी आहे. ट्रॅव्हिस सीआय या बिल्ड चालवणाऱ्या सेवेच्या उघड्या लॉगमधून हजारो गुप्त किल्ल्या मिळू शकतात, हे २०२२ साली ॲक्वा सिक्युरिटीच्या संशोधकांनी दाखवून दिले होते. पण यावर उपाय लॉगचे तोंड बंद करणे हा नव्हे. टेस्टमध्ये खरी गुपिते वापरूच नयेत हा आहे. टेस्टसाठी व्यापाऱ्याचे खोटे नाव, खोटा क्रमांक आणि खोटा पासवर्ड घ्यावा. ज्या टेस्टचा निकाल दाखवायची भीती वाटते, ती टेस्ट मुळातच चुकीच्या सामानावर उभी आहे असे समजावे.

ज्यांच्या हाती लॉगशिवाय दुसरे काहीच नसते त्यांनी हा प्रश्न केव्हाच सोडवला आहे. डेबियन ही १९९३ साली सुरू झालेली मुक्त संगणकप्रणाली. तिचे काम जगभरचे स्वयंसेवक करतात. २०२३ साली त्यांची वार्षिक परिषद आपल्या देशात, कोचीला भरली होती. तिथे एकाच पॅकेजचा बिल्ड निरनिराळ्या जातींच्या यंत्रांवर होतो. त्यातली काही यंत्रे पॅकेज सांभाळणाऱ्याने आयुष्यात डोळ्यांनीही पाहिलेली नसतात. त्याच्या हाती येतो तो फक्त लॉग. म्हणून डेबियनची मदतनीस साधने टेस्ट चालवताना आपणहोऊन सांगतात, की नापास झालेल्या टेस्टचा मजकूर लॉगमध्ये ओता. ‘मेक चेक’ला ‘व्हर्बोज’ची खूण दिली जाते. सीटेस्ट हे साधन एरवी तपशील आपल्या खासगी फायलीत ठेवते. त्यालाही ‘नापास झाल्यास सारे छाप’ असे बजावले जाते. प्रत्येकाने आपापल्या अकलेने लक्षात ठेवावे अशी अपेक्षाच नाही. नियम साधनातच मुरवलेला. चांगली सवय माणसाच्या आठवणीवर सोडू नये, हा त्यातला धडा.

ही सारी हकीकत एका रात्री जेवताना मी मामांना सांगितली. त्यांना ग्रेडलचे काय कळावे? पण त्यांनी १९९४ सालची गोष्ट काढली. त्या सप्टेंबरात सुरतेत प्लेग आला तेव्हा मामा तरुण होते. लाखो माणसे शहर सोडून निघाली, त्यात तेही होते. खानदेशाकडे जाणाऱ्या गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. ‘माणसे रोगापेक्षा बातमीला जास्त भ्यायली,’ मामा म्हणाले. ‘किती आजारी, किती मेले, हा प्लेगच आहे की दुसरे काही, नक्की कोणी सांगेना. जो तो मनाचा आकडा बोले.’ तो रोग प्लेगच होता का, यावर शास्त्रज्ञांतही पुढे पुष्कळ दिवस वाद झाला. मे १९९५ मध्ये एस. आर. राव महापालिकेचे आयुक्त म्हणून आले. त्यांनी अधिकाऱ्यांना ‘ए.सी. ते डी.सी.’ असा मंत्र दिला: वातानुकूलित खोली सोडा आणि रोजच्या कामाच्या जागी, रस्त्यावर या. कचरा कुठे पडला आहे हे फायलीत वाचायचे नाही, रोज डोळ्यांनी पाहायचे. पुढच्याच वर्षी, १९९६ साली, ‘इंटॅक’ने सुरतेला देशातले दुसऱ्या क्रमांकाचे स्वच्छ शहर ठरवले. आजार आणि बिल्ड यांची तुलना मी करणार नाही. एकात माणसे दगावतात आणि दुसऱ्यात बिले. पण अहवाल बंद खोलीत राहिला की बाहेर अफवा राज्य करते, हे दोन्हीकडे खरे आहे. ‘ही टेस्ट लहरी आहे’ ही आमच्या ऑफिसातली अफवाच होती.

आता थोडे आपल्या घरचे. कॉलेजात परत आल्यावर मी आमच्याच वर्गाचे प्रकल्प पाहिले. मराठी आणि कन्नड बोलणारी आम्ही मुले एकाच प्रयोगशाळेत शेजारी शेजारी बसतो. भाषा दोन, पण खोड एकच. प्रकल्पाच्या वहीत शेवटच्या पानावर सगळ्यांनी लिहिलेले असते, की सर्व टेस्ट यशस्वी झाल्या. पुरावा म्हणून हिरव्या पट्टीचे एक चित्र. किती टेस्ट, कोणत्या, काय विचारले, पहिल्यांदा किती नापास झाल्या, याबद्दल चकार शब्द नाही. आणि हे केवळ संगणक विभागातच चालते असे नाही. पदार्थविज्ञानाच्या प्रयोगवहीत उत्तर आधी लिहून त्यावरून निरीक्षणे ‘काढणारे’ वीर आपल्या सर्वांच्या ओळखीचे आहेत. लंबकाच्या प्रयोगात ‘जी’ची किंमत अगदी पुस्तकातली यावी म्हणून आपण काय काय केले आहे, हे ज्याचे त्याने आठवावे!

याचा दोष केवळ विद्यार्थ्यांना देऊन चालणार नाही. गुण कशाला मिळतात ते पाहून मूठ झाकली जाते. म्हणून आमच्या प्राध्यापकांना माझी नम्र विनंती आहे. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाला गुण देताना हिरव्या पट्टीचे चित्र मागू नका, लॉग मागा. नापास झालेली टेस्ट ज्याच्या लॉगमध्ये पूर्ण दिसते, आणि ती कशी सुधारली हे ज्याला सांगता येते, त्याला दोन गुण जास्त द्या. जो म्हणेल की माझी एकही टेस्ट कधीच नापास झाली नाही, त्याला तोंडी परीक्षेत आणखी पाच प्रश्न विचारा. आणि विद्यार्थी मित्रहो, नवा प्रकल्प सुरू कराल त्या पहिल्याच दिवशी, पहिली टेस्ट लिहिण्याआधी, निकाल लॉगमध्ये पूर्ण छापण्याच्या त्या चार ओळी घाला. मग मुद्दाम एक टेस्ट नापास करून बघा. लॉग वाचून परक्या माणसाला चूक कळते का, हे शेजाऱ्याला विचारा. त्याला कळली नाही तर तुमचा लॉग अजून मुका आहे असे समजा.

जूनमध्ये सुरत सोडताना मामा स्टेशनवर पोहोचवायला आले होते. निघताना मी म्हटले, ‘मामा, ते रेघ मारायचे तुमचे खरे होते.’ ते हसले आणि म्हणाले, ‘माझे कसले? प्रत्येक मेहताजीला पहिल्या दिवशी हेच शिकवतात.’ आमच्या शिक्षणात तो पहिला दिवस अजून यायचा आहे. मामांच्या १ एप्रिलच्या रोजमेळात त्या दोन बिलांवर आडवी रेघ आहे आणि शेजारी खरी तारीख लिहिलेली आहे. कोणीही उघडून वाचावी. माझी ‘इग्नोर’ची ओळ काढून टाकली, पण ती कोणी घातली आणि कधी काढली हे ऑफिसच्या नोंदीत माझ्या नावानिशी कायमचे राहिले आहे. आधी त्याची लाज वाटे. आता वाटत नाही. मूठ उघडली, आत सव्वा लाख नव्हते. पण काय होते ते तरी सर्वांना दिसले.